मेलमधली सिस्टर ग्रेस

६ जून, मंगळवार

राउंड संपल्यावर मेट्रन म्सिस्कांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "हे काय आहे, एनेलेस?"

फोनवर मी होते. निळा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, सगळे दात दिसतील असं हसू. फोटो लगेच ओळखला — नवा प्रसूती वॉर्ड सुरू झाला त्या दिवशी पेपरवाल्याने काढलेला. त्या फोटोत माझ्या हातात नुकतंच जन्मलेलं बाळ होतं. इथे बाळ नाही. बाळाच्या जागी डॉलरच्या नोटांचं बंडल! आणि मी ते दोन्ही हातांनी धरलंय, बाळाची मान सावरावी तसं.

खाली मजकूर: 'मी सिस्टर ग्रेस, मलावीतली एक साधी नर्स. मागच्या वर्षी माझ्याकडे मिनीबसच्या भाड्यालाही पैसे नव्हते. आज घरबसल्या महिन्याचा पगार एका दिवसात कमावते. ब्लू हेरॉन क्लबने माझं आयुष्य बदललं. तुम्हीही या. आजच या, जागा थोड्याच उरल्यात.'

मला हसूच आलं. म्हटलं, मेट्रन, निदान नाव तरी खरं घालायचं. त्या हसल्या नाहीत. हा मेल त्यांना आलाय, हिशेबनीसांना आलाय, औषध भांडारातल्या दोघांना आलाय. एकाने तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि आता सगळ्या झोंबा गावभर फिरतोय. "तू या लोकांकडून काही घेतलंस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. पण विचारलं तर खरं.

घरी येऊन नवऱ्याला, वायसनला सांगितलं. त्याने तो मेल स्वतःच्या फोनवर मागवून घेतला. जेवणाआधी वाचला. जेवणानंतर पुन्हा वाचला.

७ जून, बुधवार

सकाळी दाढी करता करता, आरशात बघतच वायसन म्हणाला, "तावोंगाची आई, खरंच काही नाही ना?"

काय काही नाही? मी विचारलं.

"काही नाही," म्हणाला.

१० जून, शनिवार

मोठे दीर बालाकाहून सहकुटुंब आले. बरोबर जिवंत कोंबडी! लग्न होऊन आले तेव्हापासून ग्रेशमदादांनी आमच्या घरी येताना कधी हातात काही आणलेलं मला आठवत नाही. कोंबडी बघितली तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मागायला आलेत.

मक्याची न्सिमा झाली, मासळी झाली, चहा झाला. मग दादांनी घसा साफ केला. सासूबाईंच्या घराचं छप्पर, धाकट्या भावाच्या रोपवाटिकेसाठी जागा, स्वतःची पाठ — सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाले, देवाने घरात एकाला दिलं की ते सगळ्यांचंच असतं.

मी फोन काढला, त्यांना मेल दाखवला. हे खोटं आहे. हा फोटो चोरलाय. माझं नाव ग्रेस नाही. मला एक क्वाचा मिळालेला नाही.

जाऊबाई माझ्याकडे बघून गोड हसल्या. "नाव बदललंस ते शहाणपणाचंच केलंस गं. नातेवाईक किती लचके तोडतात ते काय मला माहीत नाही?"

 घरात फ्रीज बंद पडलाय, न्हाणीघराचं दार दोरीने बांधलंय, ते दाखवलं. दादा म्हणाले, "हेच. ज्यांना लपवायचं असतं ते असंच राहतात."

वायसन सगळा वेळ कपातल्या चहाकडे बघत होता.  'माझी बायको खोटं बोलत नाही' — एवढं तरी म्हणायचं.

कोंबडी ठेवून गेले. अंगणात फिरतेय. कापायचा धीर होत नाही — खाल्ली तर घेतल्यासारखं होईल.

१२ जून, सोमवार

तावोंगाचा लिलोंग्वेहून फोन. तिच्या बँकेतही तो मेल पोचलाय! ती तिथे कॉम्प्युटरच्या खात्यात आहे म्हणून बरं, निदान पोरीला तरी समजावून सांगावं लागलं नाही. उलट तिनेच मला बसवून शिकवलं.

म्हणाली, आई, पाठवणाऱ्याचं नाव बघायचंच नाही, नावाच्या खालचा पत्ता बघायचा. मी बघितला. नाव ऐटबाज, ब्लू हेरॉन क्लब. पत्ता म्हणजे कोणीतरी डोळे मिटून अक्षरं बडवल्यासारखा. मग म्हणाली, तुला नावाने हाक मारतो का? 'प्रिय मित्र' म्हणणारा तुला ओळखत नाही, त्याने तेच लाख लोकांना पाठवलंय. घाई करतो का? आजच, आत्ताच? नफा नक्की म्हणतो, पण कसला धंदा ते सांगत नाही ना? आणि तुला देण्याआधी तुझ्याकडूनच थोडे मागतो ना, नोंदणी म्हणून, कर म्हणून? मग तो स्पॅम. आतल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवायचं नाही, जोडलेलं काही उघडायचं नाही. स्पॅम म्हणून खूण करायची आणि पुसून टाकायचा. उत्तर तर कधीच नाही.

कधीच नाही का, मी विचारलं.

"आई, तू उत्तर दिलंस?"

दिलं होतं. गुरुवारीच. चांगलं सविस्तर, कडक शब्दांत लिहिलं होतं — माझा फोटो ताबडतोब काढा, मी सरकारी नोकर आहे, माझा पत्ता अमुक, माझा फोन तमुक. शिवाय मेलच्या तळाशी 'नको असल्यास इथे दाबा' होतं तिथेही दाबलं होतं. दोनदा.

तावोंगाने तिकडे कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. म्हणाली, अगं, त्यांना माहीतही नसतं कुठला पत्ता चालू आहे, कुठला मेलेला. तू स्वतःच सांगितलंस की इथे एक जिवंत बाई आहे आणि ती वाचते.

१४ जून, बुधवार

फोन उघडवत नाही. कोणा सेनापतीची विधवा तिचं सोनं माझ्याकडे ठेवणार. मी न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस. घरी बसून पाकिटं भरायचं काम. परदेशातले डॉक्टर, वकील, राजपुत्र, सगळे प्रिय मित्र.

आणि आज एक: 'प्रिय मित्र, मलावीच्या सिस्टर ग्रेससारखं तुम्हालाही सुखी व्हायचं आहे?' — खाली मी, बंडल घेऊन!

मलाच माझी थाप विकताहेत. त्यांना पत्ताच नाही मी कोण ते. मी रागावून लिहिलेलं कोणी वाचलंच नाही.

१५ जून, गुरुवार

तावोंगाच्या सांगण्यावरून मेलच्या कंपनीला कळवलं, पेपरलाही. पेपरवाले म्हणाले फोटो आम्ही काढून टाकतो. काढला. संध्याकाळी तो दुसऱ्याच कुठल्याशा पानावर होता, आता बंडल आणखी जाड.

१७ जून, शनिवार

टोमॅटोवालीने दुप्पट भाव सांगितला. मी घासाघीस करायला लागले तर शेजारची म्हणाली, "सिस्टर ग्रेस, तुम्हीसुद्धा?" सगळा बाजार हसला. सायकल-टॅक्सीवाल्याने सुटे परतच दिले नाहीत. वर आशीर्वाद दिला.

पण आज वॉर्डात जे झालं त्यापुढे हे काहीच नाही. एका पहिलटकरणीला कळा सुरू, मी बाळाचे ठोके मोजतेय, आणि तिचा नवरा दारातून आत घुसून माझ्या नाकापुढे फोन धरतो. म्हणे, सिस्टर, एवढं एकच सांगा, पैसे भरताना कुठलं बटण दाबायचं? मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. ती पोरगी घामाने भिजलेली, माझ्या तोंडाकडे बघत होती, बाळ ठीक आहे का म्हणून. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्याने तक्रार केली. तक्रारीत लिहिलं की सिस्टर श्रीमंत झाल्यापासून गरिबांशी उर्मट वागतात.

मेट्रन म्हणाल्या, काही दिवस घरी राहा, हे निवेपर्यंत. शिक्षा नाही, म्हणाल्या. मला शिक्षेसारखंच वाटलं. माझे हात कधी रिकामे राहिलेले नाहीत.

२० जून, मंगळवार

पोलिसांकडे जाऊन आले. सार्जंट भला माणूस. सगळं लिहून घेतलं, मेलची छापील प्रत ठेवून घेतली. मग पेन खाली ठेवून म्हणाला, आई, हा माणूस कुठल्या देशात बसलाय तेच मला कळत नाही तर बेड्या कोणाला घालू? इथलं कोणी बुडालं तर त्यांना घेऊन या, तेवढं माझ्या हातात आहे.

बाहेर धुकं उतरलेलं, बारीक पाऊस. गावामागचा पर्वत दिसतच नव्हता. अंगावरचं चितेंजेचं कापड डोक्यावरून ओढून घेतलं, थंडीमुळे. थंडीमुळेच असं नाही.

आपल्याच गावात तोंड लपवून चालायचं. काही केलं नसताना!

२१ जून, बुधवार

पडदे लावूनच बसले. दार वाजलं, उघडलं नाही.

२२ जून, गुरुवार

आज दार उघडावं लागलं. लिझिनेट होती.

लिझिनेट माझ्याच चर्चमधली. तिच्या जुळ्यांच्या वेळी मीच होते — दुसरं पायाळू, बाहेर वादळ, डॉक्टर वाटेत अडकलेले. दोन्ही पोरं जगली. तेव्हापासून ती मला देवानंतरची मानते, चारचौघांत तसं म्हणते आणि मला अवघडायला होतं. नवरा गेल्यावर तिने मासळीचा धंदा धरला. सरोवरावरून मासे आणायचे, डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे, घरोघर विकायचे. त्या फ्रीझरवरच तिचं घर चालायचं.

चालायचं. तिने तो विकला.

आधी बसली, पाणी प्यायली, माझी तब्येत विचारली. मग म्हणाली, "सिस्टर, माझे पैसे कधी येतील तेवढं विचारायला आले. तुमच्यामागे फार माणसं असतील, मला ठाऊक आहे. घाई नाही माझी."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. मी विचारलं, लिझिनेट, तू त्या क्लबमध्ये पैसे भरलेस?

भरले. आधी नोंदणीचे. मग फोन आला, खातं उघडण्याचे. मग कर. प्रत्येक वेळी थोडे, आणि प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्यात दुपटीने परत. शेवटी भरायला काही उरलं नाही तेव्हा फ्रीझर गेला.

मला राग आला. तिच्यावरच ओरडले, देवा क्षमा कर. म्हटलं, एवढी धंदा करणारी बाई तू, मासळी सडली की नुसत्या वासाने ओळखतेस, तुला याचा वास नाही आला? मला येऊन विचारायचं तरी!

ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला काय विचारायचं? फोटो तुमचाच होता ना."

किती साधेपणाने म्हणाली. दुसऱ्या कोणाचा असता तर मी पुसून टाकला असता, म्हणाली. असले मेल रोज येतात. पण तुमच्या हातांत माझी पोरं जन्मली. तुम्ही कशाला खोटं बोलाल?

मग मी तिला सगळं सांगितलं. पत्ता दाखवला, नाव दाखवलं, मूळ फोटो दाखवला, ज्यात बाळ आहे तो. तिने तो खूप वेळ बघितला. बाळावरून बोट फिरवलं. मग तिचं तोंड असं झालं की मला बघवेना. रडली नाही. उठून दाराशी गेली आणि तिथे थांबली, कुठे जायचं ते आठवत नसल्यासारखी.

माझा चेहरा चोरला म्हणून इतके दिवस मी स्वतःचंच रडतेय. चोरला तो याच कामासाठी.

२३ जून, शुक्रवार

लिझिनेटला घेऊन सार्जंटकडे. ज्या फोन नंबरवर तिने पैसे पाठवले तो बंद. नाव कोणा भलत्याचंच.

पाळकसाहेबांना भेटले. रविवारी बोलायला पाच मिनिटं मागितली.

२५ जून, रविवार

प्रार्थना संपली, सूचना झाल्या, आणि पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं.  

मी तो मेल मोठ्याने वाचला. मग एकेक करून दाखवलं, तावोंगाने मला दाखवलं तसं. बघा, यात तुमचं नाव नाही. बघा, घाई करतोय. बघा, धंदा काय ते सांगत नाही. बघा, देण्याआधी मागतोय. फोटो कोणाचाही असो, माझा असो, पाळकसाहेबांचा असो, फोटोवर जाऊ नका. उत्तर देऊ नका, मी दिलं आणि पस्तावले. पुसून टाका.

सगळे ऐकत होते. मला वाटलं, झालं, सुटले.

मागच्या बाकावरून आवाज आला — मिसोया, लाकडाच्या वखारीवाला. बसूनच बोलला. "सिस्टर, तुमचं झालं. आता आमच्यासाठी दार का लावता?"

आणि माना हलल्या! दोन-चार नाही, पुष्कळ. ज्यांच्या पोरांना मी पहिली आंघोळ घातली त्यांच्या माना. मी तिथे उभी आणि मला कळलं की मी काहीही बोलले तरी ते याच बाजूला पडणार. नाही म्हटलं तर लपवते. सावध केलं तर हावरी. गप्प बसले तर कबूल.

तेव्हा बायकांच्या बाजूने लिझिनेट उठली. पुढे आली, माझ्याशेजारी उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी भरले. फ्रीझर विकून भरले. काही परत आलं नाही. सिस्टरच्या घरी मी गेले होते, त्यांच्या न्हाणीघराचं दार दोरीने बांधलेलं आहे."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मिसोयाने टोपी हातात फिरवली. मग हळूहळू आणखी हात वर आले. शाळेतले शिपाई. समूहगानातली एक मुलगी. पाळकसाहेबांची स्वतःची बहीण! सगळ्यांनी भरले होते, आणि लाजेने कोणी कोणाला बोललं नव्हतं.

घरी येताना लिझिनेटचा हात धरून आले. सगळ्या गावासमोर स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं तिने, माझ्यासाठी.

२८ जून, बुधवार

बँकेत गेले होते पगाराचं बघायला. काउंटरवरची मुलगी ओळखीची. सहज म्हणाली, वायसनकाका परवा येऊन गेले, तुमच्या नावावर दुसरं कुठलं खातं आहे का विचारत होते. आम्हाला असं सांगता येत नाही हो.

घरी आल्यावर कपाट बघितलं. माझे कपडे नीट घडी केलेले. मी करते त्याहून नीट.

वायसनला विचारलं. नाकारलं नाही त्याने. पलंगाच्या कडेला बसला. चहामळ्याने त्याला कामावरून कमी केल्यापासून तो असा कडेलाच बसतो, कोणाच्या तरी घरी पाहुणा आल्यासारखा.

"मला वाटलं तू जमवते आहेस," म्हणाला. "मला सोडून जायला."

मी म्हटलं, आणि काही सापडलं नाही तेव्हा? बरं वाटलं?

त्याने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. मग म्हणाला, "नाही. वाईट वाटलं. असतं तर बरं झालं असतं."

माझ्या मनात आलं, हा माझ्यावर संशय घेत नव्हता. हा आशा करत होता. सगळं गाव आशाच करत होतं. दादांची कोंबडी, मिसोयाचा राग, वॉर्डातल्या त्या नवऱ्याचा फोन, सगळी आशाच. म्हणून मी खरं बोलले की त्यांना माझा राग येतो.

त्याच्याशेजारी बसले. काय करणार?

३० जून, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये दुपारभर बसलो. मी, लिझिनेट आणि फोन घेऊन आलेल्या बायका. एकेकीचे मेल उघडून दाखवते, हा स्पॅम कशावरून ते तिलाच ओळखायला लावते, आणि तिच्याच बोटाने पुसवते. एका म्हातारीला पुसायचा इतका नाद लागला की मुलाने शेतातून पाठवलेला मेलसुद्धा पुसून टाकला. खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी.

लिझिनेट माझ्याहून छान समजावते. म्हणते, मासा ताजा असेल तर मासेवाली ओरडत नाही. बायकांना ते पटतं.

तिला अजून त्यांचे फोन येतात. म्हणे, बुडालेले मिळवून देतो. तावोंगा म्हणाली तसलाच दुसरा सापळा — एकदा फसलेल्याचं नाव ते पुढच्याला विकतात. माझ्यासमोर तिने तो नंबर बंद करून टाकला.

मेट्रनचा निरोप: सोमवारपासून या.

३ जुलै, सोमवार

कामावर! पहाटेच एक मुलगी. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. कोणी फोन काढला नाही. बाळाला तपासणीला घेऊन आलेल्या त्या तक्रारवाल्या नवऱ्याने जाता जाता खाली बघून नमस्कार केला.

घरी येऊन कोंबडी कापली. वायसनने मसाला वाटला.

५ जुलै, बुधवार

हॉलमध्ये आज बायका जास्त होत्या. लिझिनेट आली नाही. धाकट्याला ताप आहे, असा निरोप.

८ जुलै, शनिवार

संध्याकाळी नवा मेल. ब्लू हेरॉन. पुसणारच होते, पण फोटो माझा नव्हता. तो फोटो नव्हताच, व्हिडिओ होता, आणि त्यात लिझिनेट बोलत होती. तिच्याच अंगणात, चर्चच्या पांढऱ्या ब्लाउजमध्ये. 'आमच्या गावात एका नर्सने मला घाबरवलं होतं. मी तिचं ऐकलं. चूक झाली. माझे पैसे परत आले आहेत.'

फोन केला. तिसऱ्या वेळी तिने उचलला. आले नाहीत अजून, म्हणाली. येणार आहेत. दुसऱ्या नंबरवरून फोन आला होता त्यांचा, आणखी काही माणसं आणली की सगळे देणार. मग अगदी हळू आवाजात: "सिस्टर, तुमचं नाव मी घेतलेलं नाही. तुम्ही पण माझं घेऊ नका."

उद्या रविवार. मला पुन्हा पुढे उभं राहायचंय, आणि तिचा चेहरा सगळ्यांना दाखवायचाय.